लाल-हिरव्याची झेरॉक्स

आमच्या सोसायटीत कोणाकडे रंगकाम निघालं की मला बोलावणं येतं. ताई, तुम्ही रंगांतल्या ना, हॉलला कुठला देऊ सांगा. मी सांगते की मला भिंतींमधलं काही कळत नाही, माझ्या घराला बिल्डरनं दिलेला पांढराच आहे आणि अकरा वर्षांत तो मी बदललेला नाही. त्यांना वाटतं बाई भाव खाते आहे. मग मी नेमकं काय काम करते ते समजावून सांगायला बसावं लागतं, आणि ते पूर्ण व्हायच्या आत चहा गार होतो. या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा, पण लोकांना कळेल असं लिहा’ म्हटलं तेव्हा मी लगेच होकार दिला, कारण इथं मला मध्येच तोडून बिस्किटं पुढं करणारं कोणी नाही.

तर माझं काम असं. तळवड्याच्या आयटी पार्कमागे एका तीन मजली इमारतीत आमचं छोटं ऑफिस आहे. आम्ही वेबसाइटी करतो. भोसरी, चाकण, महाळुंगे भागातले कारखाने, क्लासवाले, दवाखाने, मंगल कार्यालयं असं आमचं गिऱ्हाईक. त्यात रंग ठरवायचे हे काम माझं. सुंदर दिसतील असे रंग निवडणारे पुष्कळ आहेत, ते माझ्याहून तरुण आहेत आणि त्यांच्या चपलाही माझ्यापेक्षा चांगल्या असतात. मी बघते ते एवढंच, की पानावरची अक्षरं सगळ्यांना वाचता येतील का. मोतीबिंदू झालेल्या आजोबांना, चष्मा घरी विसरलेल्या बाईला, ज्याच्या मोबाइलच्या काचेला तीन तडे गेलेत त्याला, आणि ज्याच्या डोळ्यांना काही रंग वेगळे दिसतच नाहीत त्याला.

यात गूढ काही नाही. अक्षर आणि त्याच्यामागची जमीन यांच्या उजेडात पुरेसा फरक हवा. तो मोजता येतो. जगभर मान्य झालेला एक नियम आहे, साध्या मजकुराला हा फरक निदान साडेचार पट पाहिजे. संगणकावर दोन रंगांचे आकडे टाकले की तो फरक सांगतो, पास की नापास. दुसरा नियम त्याहून सोपा, पण लोक तोच विसरतात. एखादी गोष्ट फक्त रंगानं सांगायची नाही, सोबत शब्द किंवा खूण द्यायची.

हे मी संगणकावर शिकण्याआधी भोसरीत शिकले. माझे वडील पिंपरीत एका कंपनीत लेथवर टर्नर होते. बारावीनंतर मी भोसरीच्या एका शेडमध्ये लागले, तिथं मशीनच्या पॅनेलवर लावायचे स्टिकर छापायचे. चालू, बंद, धोका, हाय व्होल्टेज. आमचे तिथले मालक स्टिकर छापला की त्याची झेरॉक्स काढायला लावायचे. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये अक्षर दिसलं तरच माल बाहेर जायचा. ते म्हणायचे की शेडमधल्या धुरकट दिव्यात आणि तेलकट बोटांच्या थराखाली सगळे रंग झेरॉक्सच होतात. पुढं मी डीटीपी शिकले, मग वेबसाइटी शिकले, पण झेरॉक्सची सवय सुटली नाही. आजही प्रत्येक पान मी काळं-पांढरं छापून भिंतीला लावते आणि चार पावलं मागं जाऊन बघते. ऑफिसातली मुलं हसतात. संगणकावर एका क्लिकमध्ये पान करडं होतं, कागद कशाला वाया घालवता म्हणतात. मी त्यांना सांगते की कागद खोटं बोलत नाही आणि मला क्लिकपेक्षा चालणं बरं वाटतं.

या मुलांचा एक लाडका रंग आहे, फिकट करडा. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं लिहिली की पान उंची वाटतं असं त्यांचं म्हणणं. मी वाद घालत नाही. फोनवर पान उघडायला लावते, जिना उतरवते आणि दुपारच्या उन्हात पार्किंगमध्ये उभं करते. आता पत्ता वाच म्हणते. मुलगा हातानं सावली करतो, डोळे बारीक करतो, फोन नाकाजवळ नेतो. संध्याकाळपर्यंत अक्षरं गडद झालेली असतात. एकीनं मात्र उलट मला विचारलं होतं, की उन्हात उभं राहून वेबसाइट कोण बघतं. मी तिला गेटवरच्या वॉचमनकडे बोट दाखवलं, तो बिचारा उन्हातच उभा राहून पोरीच्या शाळेचा निकाल बघत होता.

गिऱ्हाइकांचं मात्र असं जिना उतरवून भागत नाही. त्यांचं रंगाशी नातं असतं, आणि नात्यात साडेचार पट वगैरे चालत नाही. आळंदीचे एक बुवा आमच्याकडे आले होते. टाळ, पखवाज, वीणा यांचं त्यांचं दुकान, तीन पिढ्यांचं. परगावच्या भजनी मंडळांना घरबसल्या टाळ मागवता यावेत म्हणून त्यांना वेबसाइट हवी होती. रंग त्यांनी घरूनच ठरवून आणला होता. पिवळ्या जमिनीवर भगवी अक्षरं. मी नमुना करून दाखवला, तर त्यातलं ‘टाळ’ हे एक शीर्षक सोडून काही दिसेना. आकडा दोनच्याही खाली. बुवांना मात्र तो फार आवडला. मी म्हटलं, भगवा राहू द्या, पण जमिनीला राहू द्या आणि अक्षरं काळी करू. बुवांनी दोन्ही हात कानाला लावले. दुकानाच्या पहिल्या पानावर काळा रंग, तोही अक्षरांना, त्यांच्या घरात कोणी ऐकून घेणार नव्हतं.

मी त्यांच्या कपाळाकडे बघत बसले. शेवटी म्हटलं, बुवा, रागावू नका, पण तुम्ही कपाळाला लावलाय तो बुक्का कुठल्या रंगाचा?

बुवांनी कपाळाला बोट लावून ते डोळ्यांपुढं धरलं. मग पोट धरून हसले. म्हणाले, अहो, रोज सकाळी आरशात बघतो, पण हे काही ध्यानात आलं नव्हतं. भगव्यावर बुक्क्याची अक्षरं, असं नाव देऊन त्यांनी ते घरी मंजूर करून घेतलं. दुकान अजून जोरात आहे. दिवाळीला त्यांच्याकडून खोबऱ्याच्या वड्या येतात आणि त्यासोबत दरवर्षी एक तक्रार येते, की मी त्यांच्या फोटोभोवतीची फुलं काढून टाकली.

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराची वेबसाइट मी बिनपैशानं केली, ती मात्र निळ्यावर पांढरी. पहिल्या झटक्यात पास झाली. आमच्या लोकांना रंग निवडायची अक्कल आहे असं मी तेव्हा घरी मोठ्यानं सांगितलं होतं, आणि यजमानांनी ती अक्कल कोणाची हे न विचारता मान हलवली होती.

अशा गोष्टी सांगायला बऱ्या वाटतात कारण त्यात मी शहाणी ठरते. पण संपादकांना होकार देताना माझ्या मनात दुसरीच गोष्ट होती. तीत मी शहाणी नाही. ती महाळुंग्याची आहे.

महाळुंग्यात दुचाकीसाठी पत्र्याचे भाग करणारी एक कंपनी आमची गिऱ्हाईक होती, अजूनही आहे. प्रेसवर पत्रा दाबून ब्रॅकेट करायचे, त्याला भोकं पाडायची, तपासायचे आणि चाकणच्या मोठ्या कंपनीला पाठवायचे. तपासून झालेल्या प्रत्येक लॉटला तिथं पूर्वी पुठ्ठ्याचं लेबल बांधत. हिरवं म्हणजे ओके, लाल म्हणजे रिजेक्ट, आणि त्यावर तसं लिहिलेलंही असे. लेबलं हरवायची, तेलानं भिजायची. म्हणून त्यांनी आमच्याकडून एक वेबसाइट करून घेतली, फक्त त्यांच्या माणसांना उघडेल अशी. तपासणाऱ्यानं टॅब्लेटवर लॉटचा नंबर निवडायचा आणि दोनपैकी एक बटण दाबायचं. डावीकडे हिरवं, त्यावर ‘ओके’. उजवीकडे लाल, त्यावर ‘रिजेक्ट’. ओके पडलं की डिस्पॅचच्या लोकांना त्यांच्या पडद्यावर दिसायचं आणि ते माल गाडीत भरायचे. सहा-सात महिने हे सुरळीत चाललं. पुठ्ठ्याची लेबलं बंद झाली.

मग चाकणच्या कंपनीचे लोक ऑडिटला येणार म्हणून क्वालिटीचे प्रमुख मोहिते साहेब आमच्या ऑफिसात येऊन बसले. साहेब हुशार, मेहनती, आणि पडद्यावर गर्दी दिसली की त्यांना घुसमटायला होतं. ते म्हणाले, मॅडम, अक्षरं काढा. लाल-हिरवं काय लहान पोराला पण कळतं. नुसते दोन मोठे गोल द्या, एकदम क्लीन. मी एकदा नाही म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं नाही, कारण खरं सांगायचं तर तो नुसत्या गोलांचा पडदा मलाही देखणा वाटला. आयुष्यभर दुसऱ्यांना टोकल्यावर आपणही एकदा देखणं काही करावं असं वाटतं माणसाला. वर मी माझ्या डोक्यानं आणखी एक सुधारणा केली. माणसं टॅब्लेट डाव्या हातात धरतात आणि उजव्या अंगठ्यानं दाबतात, म्हणून जास्त लागणारं हिरवं बटण मी उजवीकडे नेलं आणि लाल डावीकडे. कोणाला कळवायची गरज वाटली नाही, रंग तर दिसतोच आहे. साहेब शेजारीच बसले होते, ऑडिट दुसऱ्या दिवशी होतं. त्या पानाची झेरॉक्स मी काढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टला तपासणीवर बालाजी होता. हे त्याचं खरं नाव नाही. लातूरकडचा, चाळिशीच्या आतबाहेरचा, नऊ वर्षं त्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. पहिलाच लॉट आला तो खराब होता, भोकं मोठी झाली होती. बालाजीनं ते बरोबर पकडलं आणि टॅब्लेटवर ओके दाबलं. गाडी गेटवर उभीच होती. माल भरला आणि गेला. दुसरा लॉट चांगला होता, त्याला त्यानं रिजेक्ट दाबलं. डिस्पॅचवाला विचारायला आला, की चांगला माल का अडवला. तेव्हा बालाजीला कळलं की काहीतरी उलटं झालंय. तो स्वतः पळत जाऊन मोहिते साहेबांना सांगून आला, की साहेब, पहिला लॉट माझ्या हातून चुकून ओके गेलाय. पण महाळुंग्याहून गाडीला असा कितीसा वेळ लागतो. तिकडे माल लाइनवर लागलाही होता. बोल्ट ढिले बसायला लागले, लाइन थांबली, फोन आले. ऑडिटचे लोक त्या वेळी इथंच मोहिते साहेबांच्या केबिनमध्ये पोहे खात होते.

वाहनांच्या धंद्यात अशी चूक झाली की एक कागद भरावा लागतो. त्यावर एकाखाली एक पाच वेळा ‘का’ छापलेलं असतं. चूक का झाली, त्याचं उत्तर लिहायचं. मग ते तसं का, त्याचं लिहायचं. असं पाचदा खोदलं की मूळ कारण लागतं अशी त्यामागची कल्पना. कल्पना उत्तम आहे. प्रत्यक्षात दुसऱ्या ‘का’ला ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहितात, उरलेल्या तीन ओळींत तेच फिरवून फिरवून लिहितात आणि शेवटी ‘कामगारास समज दिली, जागा बदलली’ अशी सही होते.

त्या कागदाच्या मीटिंगला मला बोलावलं होतं, कारण कोणाच्या लॉगिनवरून किती वाजता कुठलं बटण दाबलं त्याची यादी माझ्याकडे होती. मी ती यादी घेऊन गेले. बालाजी दाराजवळ उभा होता. साहेबांनी त्याला विचारलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला की माझी चूक झाली. बाकीच्या तपासणाऱ्यांना विचारलं, त्यांना पडदा झकास वाटला होता, कोणाची अडचण नव्हती. मी आत बसून चहा पीत होते आणि मलाही तोपर्यंत वाटत होतं की माणूस बेसावध होता. जाता जाता साहेब हळू आवाजात म्हणाले की वाईट वाटतं, या वर्षी त्याचं नाव पर्मनंटच्या यादीत होतं. आता ते काढावं लागेल, तपासणीवरूनही हलवावं लागेल. चाकणवाल्यांना काहीतरी कारवाई दाखवायलाच पाहिजे.

ज्यांना या पट्ट्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पर्मनंट या शब्दावर इथं लग्नं ठरतात. नऊ वर्षं दर काही महिन्यांनी नवा कॉन्ट्रॅक्ट आणि मग एक दिवस पर्मनंट, म्हणजे गावाकडच्या आईला फोन करून सांगायची गोष्ट. ती या माणसाच्या हातातून जात होती.

कागदावर उत्तर द्यायला दोन दिवस होते. मी साहेबांना म्हटलं की मला पडदा वापरताना बघू द्या, म्हणजे माझ्याही ओळीत काहीतरी लिहिता येईल. त्या दुपारी मी शॉपवर बालाजीच्या टेबलाशेजारी स्टूल घेऊन बसले. प्रेसचा आवाज एवढा की शेजारी बसूनही ओरडून बोलावं लागत होतं. बालाजीचं काम बघण्यासारखं होतं. ब्रॅकेटच्या कडेवरून अंगठा फिरवून तो कुठं धार राहिलीय ते न बघता सांगायचा. भोकात गेज घालून काढायचा, एका भागाला दोन सेकंद. मी बघत असताना एकही भाग त्याच्या हातून चुकला नाही.

मग माझं लक्ष टॅब्लेटकडे गेलं. त्याच्या रबरी कव्हरवर, डाव्या बाजूला, मार्करनं बरोबरची खूण केलेली होती. पुसट झाली की पुन्हा गिरवलेली, महिनोन्महिने. आणि तिच्यावर आता नखानं खरवडून फुली मारलेली होती. नवी खूण उजवीकडे होती, ताजी काळी.

ती खूण बघून मला काय झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. अशा डोळ्यांबद्दल मी लोकांना भाषणं दिली होती. लाल आणि हिरवा ज्यांना एकसारखे मातकट दिसतात अशी माणसं, त्यातही पुरुष जास्त, आपल्या आसपास सर्रास असतात, असं मी दर गिऱ्हाइकाला सांगायची. पण असा एक माणूस समोर बसलेला मी पहिल्यांदा बघत होते, आणि त्याला खड्ड्यात मीच घातलं होतं. अक्षरं मी काढली होती आणि जागाही मीच बदलली होती. त्याच्याकडे धरायला काही ठेवलंच नव्हतं.

मी पुढं झुकले. त्या खुणेवर बोट ठेवलं फक्त. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि स्टूल जवळ ओढला.

“मॅडम, तुम्हाला कळलंय तर राहू द्या तुमच्यापाशी,” तो म्हणाला. “निष्काळजी म्हणले तर समज देतेत. डोळ्याला रंग कळंना म्हणले तर घरी पाठवतेत. मला लहानपणापासून असंच दिसूलालंय. इथं कुणाला ठावं नाही.”

मी विचारलं की मग इतकी वर्षं चूक कशी झाली नाही. त्यानं हातातलं गेज माझ्यापुढं धरलं. बोटभर लांबीचा पोलादी दांडा, दोन्ही टोकांना मापाचे दट्टे. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. न जाणाऱ्या टोकाजवळ लाल पट्टी असते.

“हे बघा,” तो म्हणाला. “जायाची बाजू लांब हाय, न जायाची आखूड. वरून लाल पट्टी बी मारलीय. ज्याला पट्टी दिसंना त्याला लांबी दिसती. गेज करणाऱ्यानं दोन्ही दिलंय. तुमच्या बटणाला लांबी कुठं हाय?”

मी गेज हातात घेतलं. ते गेज माझ्या वडिलांच्या डब्यात मी लहानपणापासून बघत आले होते, रविवारी ते पुसून ठेवायचे. त्याची दोन टोकं कमीजास्त का असतात हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, आणि मी रंगांतली बाई.

घरी जाऊन मी विचार केला. बालाजीचं गुपित माझं नव्हतं, ते मी सांगणार नव्हते. पण ते न सांगता खरं कारण कागदावर यायला हवं होतं. नाहीतर माझ्या चुकीसाठी तो पॅकिंगला जाणार होता आणि मी पुढच्या गिऱ्हाइकाला साडेचार पट समजावून सांगणार होते. आमच्या ऑफिसचे मालक म्हणाले की ताई, आपण बाहेरचे, आपण होऊन दोष अंगावर घ्यायचा नसतो, काम हातचं जाईल. त्यांचं चूक नव्हतं, दहा जणांचे पगार त्यांच्यावर होते. मी म्हटलं, दोष ऑफिसचा नको, माझ्या नावावर लिहिते. काम गेलं तर मला काढा. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, गाडी पाठवू का सोडायला.

मीटिंगमध्ये चाकणच्या कंपनीचे दोघं आले होते. कागद अर्धा भरून तयार होता, निष्काळजीपणापर्यंत. मी पिशवीतून त्या पडद्याची काळी-पांढरी झेरॉक्स काढली, जी दहा दिवसांपूर्वी काढायला हवी होती. प्रत्येकासमोर एकेक ठेवली. दोन गोल, शेजारी शेजारी, दोन्ही एकाच करड्या रंगाचे. मी म्हटलं, यातलं ओके कुठलं ते बोट ठेवून सांगा.

मोहिते साहेबांनी डावीकडे बोट ठेवलं. चाकणच्या एकानं उजवीकडे ठेवलं. दुसरा म्हणाला, असं कसं सांगणार, रंगाशिवाय? साहेबांनी कागद उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला.

मग मी तिसऱ्या ‘का’पुढं लिहिलं, दोन्ही बटणांचा आकार एक, त्यावर शब्द नाही, रंग न दिसल्यास ओळखायचं साधन नाही. चौथ्यापुढं लिहिलं, आधी असलेले शब्द काढले आणि जागा न कळवता बदलली. पाचव्यापुढं लिहिलं, पडदा करणाऱ्या व्यक्तीनं नेहमीची काळी-पांढरी तपासणी केली नाही, आणि खाली माझं नाव घातलं. कागद मी साहेबांपुढं सरकवला. साहेब म्हणाले, अक्षरं काढायला तर मीच सांगितलं होतं. मी म्हटलं, साहेब, तुम्ही सांगितलंत, पण नाही म्हणणं माझं काम होतं, त्याचेच तुम्ही पैसे देता.

चाकणच्या माणसानं ते वाचलं आणि तेल, धूळ, कमी उजेड यांत कोणाचीही चूक होऊ शकते असं स्वतःहून खाली जोडलं. कोणाच्या डोळ्यांचा विषय निघाला नाही. निष्काळजीपणाची ओळ खोडली गेली. आमचं काम गेलं नाही, उलट त्यांच्या दुसऱ्या शेडचंही आलं. त्या आठवड्यात मी पडदा पुन्हा केला. ओके डावीकडे, गोल, आत बरोबरची खूण आणि ठळक शब्द. रिजेक्ट उजवीकडे, चौकोनी, आत फुली आणि शब्द. दाबल्यावर पडदा परत एकदा विचारतो. रंगही आहेत, ते कशाला काढायचे, मला रंग आवडतात. साहेब म्हणाले, जरा गर्दी झाली. मी म्हटलं, होऊ द्या.

बालाजी तपासणीवरच राहिला, यादीतलं नावही राहिलं. पण माझ्या मनात एक खटकत होतं. पडदा सुधारला तरी तो माणूस तसाच भीत होता, कोणी विचारेल म्हणून. ते मला सुधारता येण्यासारखं नव्हतं. मी त्याला एकदाच म्हटलं होतं, की आता तुमच्या कामात रंगाची गरज कुठंच उरलेली नाही, कधी सांगावंसं वाटलं तर सांगा. तो बघू म्हणाला.

चार महिन्यांनी दुपारी त्याचा फोन आला. पर्मनंट करण्याआधीची मोठी मेडिकल त्या दिवशी झाली होती. रंगीत ठिपक्यांच्या पानांचं एक पुस्तक असतं, ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायचा असतो. डॉक्टरांनी पहिलं पान उघडून विचारलं, कुठला आकडा दिसतो? बालाजी म्हणाला, साहेब, मला या पुस्तकात आकडे दिसत नाहीत. डॉक्टरांनी जुनी फाइल काढली, नऊ वर्षं सगळे आकडे बरोबर. त्यांनी मोहिते साहेबांना बोलावून घेतलं. साहेबांनी फाइल बघितली, बालाजीकडे बघितलं. त्यांना झेरॉक्सवरचे ते दोन करडे गोल आठवले असणार, हे मला न सांगता कळलं. मग ते डॉक्टरांना म्हणाले की तपासणी गेजनं आणि बोटांनी होते, पडद्यावर शब्द आहेत, रंग कशाला लागतो? फिट लिहा, खाली रंगाची नोंद करा, मी सही करतो.

“मग डॉक्टर मला म्हणले,” बालाजी सांगत होता, मागं प्रेसचा आवाज येत होता, “आकडे दिसत नव्हते तर नऊ वर्षं बरोबर कसे सांगितले? मी म्हणलं, माझ्या आधी लायनीत जो असायचा त्याचे ऐकून पाठ केले होते. दर वर्षी मेडिकलच्या आधी बायको म्हणून घ्यायची, पोरांचे पाढे घेती तसे. डॉक्टर म्हणले, म्हणून दाखवा. मी पुस्तक मिटून सगळे म्हणून दाखवले, साहेबांसमोर.”

मी विचारलं, मग?

“मग काय, सही झाली. आता घरी फोन केला बायकोला. तिला म्हणलं, यंदापासून पाठांतर बंद.”